घरचे प्रवासी

विमान चालवायचं कुणी, यावरून या घरात आयुष्यभर भांडणं झाली होती. विमानात बसायचं कुणी, यावरून मात्र त्या रविवारी पहिल्यांदाच जुंपली, आणि तीही अशी की प्रत्येक जण आपली जागा दुसऱ्याला द्यायला एका पायावर तयार.

सुरुवात जावयाने केली. सुरुवात करणं हा त्याचा पेशाच होता. शेवट होताना तो सहसा जागेवर नसे. तो आणि थोरली एकाच कंपनीत. ती विमानं आपली आपण उडवणाऱ्या यंत्रणेची प्रमुख, तो प्रसिद्धीप्रमुख. तिने वर्षानुवर्षं डोळे फोडून जे जमवावं ते त्याने एका वाक्यात सांगावं आणि टाळ्या दोघांनी वाटून घ्याव्यात, असा त्यांचा संसार चालला होता.

सासऱ्याच्या, म्हणजे कॅप्टनच्या घरी जेवणं चालू होती. घर विमानतळाच्या कुंपणाला लागून. दर थोड्या वेळाने खिडक्या थरथरायच्या आणि तेवढ्यापुरतं सगळे घास हातात धरून थांबायचे. असंच एक विमान डोक्यावरून गेलं आणि जावयाने चमचा ग्लासवर वाजवला.

"येत्या शनिवारी आपलं पायलटशिवायचं विमान पहिल्यांदा माणसं घेऊन उडणार. आणि ती माणसं कोण, ओळखा."

"मंत्री?" आत्याने विचारलं. कॅप्टनची ही विधवा बहीण दर रविवारी जेवायला यायची आणि सोमवारी भाच्यांबद्दल गावभर सांगायची.

"नाही."

"मग कुणी नटबिट?"

"आत्या, आपण! घरचे! जिनं विमान बनवलं तिचेच आईवडील, तिचाच भाऊ. याच्यापेक्षा मोठा विश्वास दाखवता येईल का? चेअरमनसाहेब तर ऐकून जागचे उठले."

थोरलीचा चमचा सूपमध्येच थांबला. ही बातमी तिलाही आत्ताच कळत होती.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याने रुमालाने तोंड पुसलं. त्याला मुलं, सून, दूधवाला, सगळेच कॅप्टन म्हणत. विमान सोडून वीस वर्षं झाली तरी तो खुर्ची ओढताना आधी मागे बघायचा.

"पायलट नसलेल्या वस्तूला विमान म्हणत नाहीत," तो म्हणाला. "पतंग म्हणतात."

"पतंगाचीही दोरी कुणीतरी धरलेली असते," आई म्हणाली. तिने उभी हयात विमानतळाच्या टॉवरमध्ये काढली होती. नवऱ्यासारख्या शेकडो जणांना कधी उतरायचं आणि कधी गुमान घिरट्या घालायच्या ते सांगितलं होतं. त्यामुळे घरात तिला वेगळा आवाज चढवावा लागत नसे.

"तुम्ही दोघींनी मिळून काय ते ठरवा. पण मला सांग थोरले," कॅप्टनने भिंतीकडे बोट केलं. तिथे त्याच्या पदकाची चौकट होती. दाट धुक्यात, समोरचं काही दिसत नसताना, भरलेलं विमान त्याने उतरवलं होतं. "त्या दिवशी तुझं यंत्र असतं तर काय केलं असतं?"

"दुसऱ्या विमानतळावर गेलं असतं."

"म्हणजे पळालं असतं!"

"मीही त्या दिवशी तेच सांगत होते तुम्हाला, दुसरीकडे जा म्हणून," आई भात वाढत म्हणाली. "एकदा नाही, तीनदा. पण मागच्या सीटवर कंपनीचे मालक बसले होते ना. त्यांना समारंभाला उशीर होत होता."

कॅप्टनने ऐकू न आल्यासारखं केलं. या वाक्यापुरतं त्याला कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हतं.

थोरलीच्या धाकट्या भावाने ताट बाजूला सारलं. तो प्रवासी विमानांच्या कंपनीत पायलट आणि वर पायलटांच्या संघटनेचा सचिव. आदल्याच महिन्यात त्याने व्यासपीठावरून सांगितलं होतं की रिकाम्या कॉकपिटच्या विमानात माणूस बसवणं म्हणजे प्रवाशाला पार्सल समजणं. भाषण गाजलं होतं. त्याचं प्रक्षेपण थोरलीने ऑफिसात बसून पाहिलं होतं आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांशी फक्त हवेबद्दल बोलायचं ठरवलं होतं.

"ताई, तू आमच्या पोटावर पाय देतेस ते देतेस," तो म्हणाला, "वर आम्हालाच त्यात बसवून फोटो काढणार?"

"मी कुणाला बसवत नाहीये. मला विचारलंसुद्धा नाही."

"अगं, सरप्राइज!" जावई हसला.

"पण सुरक्षित आहे ना ते?" धाकट्याच्या बायकोने विचारलं. ती दातांची डॉक्टर.

"शंभर टक्के, वहिनी."

"मीही पेशंटला हेच सांगते. दुखणार नाही, शंभर टक्के. मग सुई काढते."

आत्याचा प्रश्न वेगळा होता. "टीव्हीवर दिसणार का?"

"सगळीकडे."

"मग मी येते बाई. माझं असं काय राहिलंय मागे!"

ताटं उचलताना आईने थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं. नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"बसावं का आम्ही?"

"आई, ते विमान माणसांशिवाय शेकडो वेळा उडालंय."

"मी ते विचारलं नाही."

थोरलीने ओलं भांडं पुसायला घेतलं. खरं तर तिने जावयाला बाहेर बोलावून झापायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र होतं: कॅप्टन सीटवर बसलाय, समोर ना दांडा ना तबकड्या ना बटणं, आणि विमान सुरेख उतरतंय. या घरात तिने काहीही केलं तरी 'हिचं ते कॉम्प्युटरचं' एवढंच म्हटलं जाई. पन्नाशी उलटली तरी बापाने तोंडात बोट घालावं असं वाटायचं थांबत नाही, आणि हे कबूल करायला ती काही मूर्ख नव्हती.

"हो, बसा," ती म्हणाली.

"आणि वारा सुटला तर?"

"तर ते उडणारच नाही."

"ते कोण ठरवणार?"

"तेच ठरवेल."

"हं," आई म्हणाली आणि नळ बंद केला.

*

पुढचा आठवडाभर आईच्या फोनला उसंत नव्हती. सगळी विमानं तिच्याच टॉवरला कळवत होती.

कॅप्टनचा गुडघा मंगळवारी अचानक दुखू लागला. आईने लेप आणून दिला तेव्हा त्याने तो दुसऱ्याच गुडघ्याला लावला. डॉक्टर सुनेच्या दवाखान्यात शनिवारी दाढ काढायची होती, कुणाची ते सांगायला ती बुधवारपर्यंत तयार नव्हती, मग म्हणाली, "आई, खोटं कशाला बोलू? मला भीती वाटते. मी खालून टाळ्या वाजवीन." आईला ते फार आवडलं. या घरात खरं बोलणारं माणूस बाहेरून आणावं लागलं होतं.

धाकट्याची पंचाईत निराळी होती. नाही बसला तर लोक म्हणणार, सचिव घाबरला. बसला तर म्हणणार, बहिणीला विकला गेला. त्याने बराच विचार करून मार्ग काढला: बसायचं, प्रत्येक गचका लक्षात ठेवायचा आणि उतरल्याबरोबर कॅमेऱ्यासमोर विमानाचे वाभाडे काढायचे. कधी नव्हे तो त्याने बापाला फोन केला.

"कॅप्टन, तुम्ही या. दोन अनुभवी पायलट आतून बघून सांगतायत म्हटल्यावर कोण खोडून काढेल?"

कॅप्टनचा गुडघा त्या रात्रीत बरा झाला. बापलेकांचं एवढं पटलेलं आईने धाकटा शाळेत असल्यापासून पाहिलं नव्हतं.

आत्याने रोज एक याप्रमाणे सगळ्या साड्या आरशासमोर नेसून पाहिल्या.

*

शनिवारी कंपनीच्या मैदानावर शामियाना घातला होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, त्यांच्यावर पाहुणे, पाहुण्यांच्या हातात कप. एका बाजूला चार उंच भोंगे उभे केले होते, कारण जावयाच्या मते इतिहास नुसता बघून भागत नाही, ऐकायलाही लागतो. कंट्रोल रूममध्ये जे बोललं जाईल ते थेट शामियान्यात आणि विमानात ऐकू येणार होतं. 'तयार?' 'तयार!' असं काहीतरी दोनतीन वाक्यांचं त्याने लिहूनही दिलं होतं.

विमान सहा जणांचं, पांढरं, नवं कोरं. पुढे जिथे पायलट बसतो तिथेही प्रवाशाच्याच दोन सीट. कॅप्टन सवयीने डावीकडच्या सीटवर जाऊन बसला आणि समोर फक्त पाण्याची बाटली ठेवायची जागा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, तुमची सीट कुठली?" शिडीशी उभ्या असलेल्या डॉक्टरने जावयाला विचारलं.

"मी? अहो, मला प्रेस सांभाळायची आहे ना!"

"तेही खरंच. कुणीतरी खालीच राहायला हवं," ती म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकायला."

दार लागलं. विमान आवाज न करता निघालं, वळलं, धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. शामियान्यात टाळ्या पडल्या. भोंग्यांमधून 'तयार?' 'तयार!' झालं.

आणि विमान उभंच राहिलं.

*

आत धाकटा गचक्यांची वाट बघत होता. गचका तर नाहीच, विमान हलेना. त्याचे हात मांडीवर आपोआप वळवळत होते. समोर काही असतं तर एव्हाना त्याने धरलं असतं.

"बंद पडलं," कॅप्टन आनंदाने म्हणाला. "म्हटलं नव्हतं?"

"बंद नाही पडलं. ते बघा." आईने खिडकीबाहेर दाखवलं. धावपट्टीशेजारी वाऱ्याची लाल पिशवी खांबाला बांधलेली होती. ती मघाशी सरळ खाली लोंबत होती. आता एकदम गर्रकन आडवी झाली, खाली पडली, पुन्हा फुगली. "त्या टोकाच्या पिशवीकडे बघा. तिचं तोंड उलटीकडे आहे. वारा फिरतोय."

धाकट्याने पाहिलं. एवढ्या हलक्या विमानाला चाकं सुटता सुटता असा आडवा झोत बसला तर काय होतं, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"काय करतंय मग हे?" आत्याने विचारलं. तिने केस नीट करून घेतले होते.

"थांबलंय," आई म्हणाली.

"मी असतो तर निघालो असतो," कॅप्टन म्हणाला.

"माहीत आहे मला. माझे केस काय उन्हाने पांढरे झाले?"

*

कंट्रोल रूममध्ये थोरलीच्या पडद्यावर धावपट्टीच्या दोन टोकांच्या वाऱ्याचे दोन आकडे होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. खाली एकच ओळ: वारा मर्यादेबाहेर, उड्डाण नाही.

चेअरमन तिच्या मागे उभे होते. अतिशय सभ्य माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, माणसं मात्र चढवायचे आणि उतरवायचे.

"किती वेळ, बाई?"

"वारा बसेपर्यंत."

"मला तर वारा लागत नाहीये."

"आपण काचेच्या आत आहोत, साहेब."

चेअरमन हसले. "ही मर्यादा आपणच घातलेली आहे ना? निसर्गनियम तर नाही?"

"मी घातलेली आहे."

"मग तुम्ही ती थोडी वर नेऊ शकता."

"नेऊ शकते." तिचा हात की-बोर्डजवळच होता. तिचा पासवर्ड आणि दोन ओळी, एवढाच प्रश्न होता. बहुधा काहीच झालं नसतं. विमानाने दहापैकी नऊ वेळा हा वारा पेलला असता. आणि कॅप्टनने खिडकीतून खाली बघत तोंडात बोटही घातलं असतं.

तेवढ्यात जावई धापा टाकत आत आला. "अगं, काय चाललंय? लोक घड्याळं बघायला लागलेत! मंत्र्यांचे सचिव उठले!"

"विमान नाही म्हणतंय."

"विमान कोण नाही म्हणणारं? तू हो म्हण!"

"मी हो म्हटलं तर ते जाईल. म्हणूनच म्हणत नाही."

"एक फेरी, बस! वर जायचं आणि खाली यायचं." तो तिच्या कानाशी वाकला, पण घाई असलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. "आणि आत काय बाहेरचं कुणी आहे का? घरचेच तर आहेत. उद्या काही खरचटलं-बिरचटलं तर कोण कोर्टात जाणार आहे?"

थोरलीने त्याच्याकडे वळून पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तिला वाटलं होतं, या माणसाचं आता नवीन काही बघायचं राहिलेलं नाही.

टेबलावरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली. मग आईचा आवाज आला, शांत, टॉवरमध्ये असायचा तसा.

"जावईबापू, आम्हाला सगळं ऐकू येतंय."

जावयाने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग काचेपलीकडे. शामियान्यातले चार भोंगे त्याने स्वतः उभे केले होते. सगळे पाहुणे कप तसेच धरून कंट्रोल रूमकडे बघत होते. त्या शांततेत एकच माणूस हसत होतं, आणि ती दातांची डॉक्टर होती.

"म्हणजे 'घरचेच' म्हणजे आपण का रे?" स्पीकरमधून आत्याने कुणाला तरी विचारलं.

"हो, आत्या," धाकट्याचा आवाज आला.

"मेला!"

थोरलीने माईक ओढून घेतला. "उड्डाण रद्द. विमान परत येतंय. आई, पट्टे सोडू नका."

*

असे प्रसंग माणसांना खोल दरीत ढकलतात म्हणतात. जावई फार तर पायरीवरून घसरला. विमान हँगरमध्ये येईस्तोवर त्याचे कान लाल होते, पण डोकं चालू होतं. चेअरमन माईकसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडात जावयाचंच ताजं वाक्य होतं.

"मित्रहो, आज तुम्ही काय पाहिलंत? मालकालाही नाही म्हणणारं विमान!"

टाळ्या पडल्या. मघाशी उठलेले सचिव परत बसले.

मग कॅमेरे धाकट्याकडे वळले. सगळा आठवडा घोकलेले वाभाडे त्याच्या जिभेवर होते. शेजारी कॅप्टनने छाती पुढे काढली होती.

"संघटनेचे सचिव म्हणून काय सांगाल?"

धाकट्याने घसा साफ केला. "मी आत बसून एकच विचार करत होतो," तो म्हणाला. "मालक मागे उभा आहे, घाई करतोय, वारा फिरलाय. अशा वेळी आमच्यातले किती जण नाही म्हणतात? मी प्रत्येक वेळी म्हटलेलं नाही. या विमानाला नाही म्हणायचा जो हक्क आहे ना, तो आधी आम्हा माणसांना द्या. मग यंत्र हवं की नको, ते बोलू."

"हे काय बोललास?" कॅप्टनने त्याचा दंड धरला. "आपलं ठरलं काय होतं?"

"ठरलं होतं ते विमान उडेल असं धरून, कॅप्टन."

संघटनेने पुढच्याच सभेत नवा सचिव निवडला. धाकट्याला त्याचं वाईट वाटलं, पण झोप चांगली लागू लागली, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

रविवारच्या जेवणाला टेबलाची मांडणी बदलली. आई, थोरली, धाकटा आणि डॉक्टर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जावई एकटाच, पुढ्यातल्या ताटाशी बोलत असल्यासारखा. आत्या मध्ये, टीव्हीवर तिचा फक्त 'मेला' आला होता, चेहरा नाही, म्हणून ती दोन्हीकडच्यांवर रागावलेली. कॅप्टनने दोन्ही बाजू पाहिल्या, पानात चटणी वाढून घेतली आणि जावयाशेजारी जाऊन बसला.

"बरोबर होता तो," त्याने जाहीर केलं. "निघायलाच हवं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याने पाठ थोपटली आणि जावयाने उचललेला घास ताटात परत ठेवला.

त्या रात्रीपासून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. थोरलीने त्याला घालवलं नव्हतं. तिने फक्त त्याची उशी तिथे ठेवली होती.

*

सोमवारी चेअरमननी थोरलीला बोलावलं. पेढीवर बसलेल्या माणसासारखे ते ऐसपैस बसले होते.

"झालं ते उत्तम झालं. आपली मागणी वाढलीय. पण बाई, तुम्ही समजून घ्या. नाही म्हणणारं विमान जाहिरातीत शोभतं. गिऱ्हाइकाला वेळेवर पोचायचं असतं. मर्यादा मोडायचा अधिकार एकट्या तुमच्याकडे असणं बरं नाही. एक बटण हवं. साधं, लाल. आणि ते व्यवस्थापनाच्या हातात हवं."

थोरलीने वाद घातला नाही. राजीनामा द्यावा असं तिला क्षणभर वाटलं. पण तिच्या खुर्चीत मग कोण बसेल आणि काय काय 'समजून घेईल', हेही तिला दिसलं.

"बसवते," ती म्हणाली.

चेअरमनना इतक्या लवकर हो येईल असं वाटलं नव्हतं.

"फक्त ते विमानात बसवीन, साहेब. पुढच्या सीटसमोर. ज्याला वाऱ्यात निघायचंय त्यानं आत बसून दाबावं."

"आत कशाला? खालूनही—"

"खालून नको. नियम मंजूर करणाऱ्या समितीलाही मी हेच लिहून पाठवतेय. भोंग्यांमधून जे ऐकू आलं ते त्यांनीही ऐकलंय. त्यांना पटेल."

समितीला इतकं पटलं की त्यांनी बटणाशिवाय पुढची चाचणी करू नका असं कळवलं. तारीख ठरली. व्यवस्थापनातर्फे आत कोण बसणार, हा प्रश्न चेअरमननी फार सभ्यपणे सोडवला. म्हणाले, "कल्पना ज्याची, मान त्याचा," आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

*

त्या सकाळी आई कंट्रोल रूममध्ये लेकीशेजारी बसली. "मी नुसती बघणार," ती म्हणाली आणि तिने चष्मा पुसून घालून दोन्ही वाऱ्यांचे आकडे वाचायला सुरुवात केली.

विमानात जावई एकटा होता. समोर लाल बटण. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. धावपट्टीच्या टोकाला विमान थांबलं तेव्हा त्याने पिशवीकडे पाहिलं. त्या पिशवीकडे त्याने याआधी कधी बघितलंच नव्हतं. आज तिच्यावरून नजर हटेना. पिशवी फुगली, फिरली, धप्पकन पडली.

पडद्यावर ओळ आली: वारा मर्यादेबाहेर, उड्डाण नाही.

शामियान्यातून चेअरमननी त्याला थेट फोन लावला. या वेळी भोंगे नव्हते. थोरलीला फक्त विमानातलं बोलणं ऐकू येत होतं.

"हो साहेब... हो, समोरच आहे बटण... नाही, दिसतंय मला... काय म्हणालात? हॅलो?" मग जरा वेळ नुसता श्वास. "हॅलो? साहेब, तुमचा आवाज तुटतोय. अजिबात ऐकू येत नाहीये. हॅलो? हॅलो?"

पडद्यावर विमानातल्या फोनची रेंज मात्र पूर्ण दिसत होती.

आईने लेकीकडे पाहिलं. "लग्नात बघितल्यापासून हा माणूस पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला," ती म्हणाली, "आणि तेही बहिरा होऊन."

थोरलीला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे टिपले आणि माईक घेतला. "माझा आवाज येतोय का?"

"तुझा येतोय," विमानातून उत्तर आलं, लगेच. मग हळू आवाजात, "अगं, मला परत घे ना."

तिने परत घेतलं. उशी मात्र अजून काही आठवडे बाहेरच राहिली.

दुसऱ्यांदा न उडालेल्या विमानावर वर्तमानपत्रांनी चार ओळी छापल्या. चेअरमनना नवी कल्पना सुचली, समुद्रावर चालणाऱ्या कसल्याशा बोटींची, आणि शामियाना तिकडे गेला. लाल बटण जिथल्या तिथे राहिलं. नियमात बसलं होतं, काढणं आता कुणाच्या हातात नव्हतं.

*

तिसऱ्या खेपेला बोलावणं कुणालाच नव्हतं. एका मंगळवारी सकाळी वारा अगदी पडला होता. थोरलीने घरी फोन केला, "यायचं असेल तर या," एवढंच म्हणाली. आई, कॅप्टन, आत्या आणि धाकटा आले. डॉक्टर भीतीसकट आली आणि नवऱ्याचा हात धरून बसली. जावई शेवटच्या सीटवर, कुणी विचारण्याआधीच पट्टा लावून.

विमान टोकाला गेलं, थांबलं, आणि गेलं. शहरावरून एक लांब वळसा घेतला. कॅप्टनने खिडकीतून खाली पाहिलं नाही. संपूर्ण वेळ तो पुढे, रिकाम्या जागेकडे बघत होता. आत्या कॅमेरा नाही म्हणून साध्या साडीत आली होती, ती झोपून गेली. उतरताना चाकं टेकली तेव्हा तिला जागही आली नाही.

सगळे शिडीवरून उतरून फोटो काढू लागले. कॅप्टन मात्र विमानाच्या नाकापाशी जाऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"काय शोधताय?" आईने विचारलं.

"पायलट कुठाय?" तो म्हणाला. "उतरल्यावर हात मिळवायची पद्धत आहे."

कॅप्टनने थोडा वेळ विमानाकडे पाहिलं, मग मैदानापलीकडे, कंट्रोल रूमच्या काचेकडे. आणि निघाला. अंतर बरंच होतं, ऊन चढलं होतं. धाकटा गाडी घेऊन मागे धावला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं. गुडघा आता खरोखरच दुखत होता.

थोरलीला तो काचेतून येताना दिसला. काहीतरी झालं असं वाटून ती दारात आली.

कॅप्टनने श्वास जमवला, टोपी नसतानाही कपाळावरून हात फिरवला आणि तो हात पुढे केला. तिने धरला. बापाशी तिने आजवर कधी हात मिळवला नव्हता.

"टेकताना जरासं डावीकडे गेलं," तो म्हणाला.

"हो, कॅप्टन. बघितलं मी."

"माझंही जायचं," कॅप्टन म्हणाला, आणि हात सोडला नाही.